मंत्रिमहोदय, नाट्यगृह नुसते उभे राहून भागणार नाही

कोल्हापूर, ९ ऑगस्ट २०२५

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

आज संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती. गेल्या वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री, म्हणजे ऐन जयंतीच्या पूर्वसंध्येला, त्यांच्या नावाचे नाट्यगृह जळाले आणि राख निवण्याआधीच 'होते तसे पुन्हा उभारू' असे आश्वासन मिळाले. निधीचे आकडे कानावर आले; कोणी वीस कोटी म्हणाले, कोणी पंचवीस. आकडा वाढल्याचा आनंदच आहे, परंतु आज जयंतीला तेथे पद म्हणायला रंगमंच नाही. काम केव्हा संपणार हे विचारायला मी परवा एका कार्यालयात गेलो, तेव्हा 'तुम्ही कोणत्या संस्थेतर्फे आलात?' एवढाच प्रश्न मला परत मिळाला.

मी कोणत्याही संस्थेचा नाही. संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करण्यात माझे आयुष्य गेले. प्रयोग थांबले तशी माझी नाइट, म्हणजे प्रयोगामागचे मानधन, थांबली, बरोबरचा तबलजी लग्नाच्या बँडकडे वळला आणि आता गुडघ्यांमुळे पायपेटीचा भाताही मला फार वेळ मारवत नाही. हे रडगाणे आपल्या खात्याच्या कक्षेत येत नसेल, तरी ऐकून घ्यावे. ऐकण्याला निविदा लागत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून उभारलेल्या या वास्तूत ध्वनिक्षेपकाविना गायलेले पद शेवटच्या रांगेत स्पष्ट पोहोचत असे. केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी, १९२१ मध्ये गेले. त्याच वर्षी बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' या संगीत नाटकात त्यांनी नायक धैर्यधर उभा केला होता. त्या गायकीला साजेसा नाद नव्या छताखाली टिकणार आहे का, हे ठेकेदाराला कोणी विचारले? भारी खुर्च्या आणि वातानुकूलन मिळेल, याची मला मुळीच शंका नाही.

आपली यंत्रणा संथ आहे, असेही म्हणवत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापुरातील सर्किट बेंचची अधिसूचना १ ऑगस्टला निघाली आणि १८ तारखेला कामकाज सुरू व्हावे म्हणून जुन्या न्यायालयाच्या इमारतीत रात्रंदिवस काम चालू आहे. बेंच हवेच होते, त्यासाठी या शहराने दीर्घ लढा दिला. मात्र मनात आले की सरकारला घाई जमते, हे त्यातून सिद्ध झाले. कलेच्या वाट्याला मनात येणे तेवढे भाषणापुरते येते. निम्मा निधी कागदांच्या प्रवासातच जिरतो, असा माझा हिशेब आहे. तो खोटा असेल तर आजवरचा खर्च नाट्यगृहाच्या दारावर लावून मला खोटे ठरवावे.

त्याच फलकावर काम संपण्याची तारीखही लिहावी. उद्घाटनाची फीत कापण्यापूर्वी एक संगीत नाटक ध्वनिक्षेपक बंद ठेवून तेथे करू द्यावे, आणि आपण स्वतः शेवटच्या रांगेत बसून ते ऐकावे. पद ऐकू आले नाही, तर ठेकेदाराचे अंतिम बिल थांबवावे.

आपला,
एक ऑर्गनवादक