सांखळी म्हणजे केवळ धबधबा नव्हे

गोव्यातील सांखळीवरचा ‘अर्ध्या दिवसात सांखळी’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला; लेखकाने हरवळेचा धबधबा नेमका टिपला आहे, परंतु पर्यटकाला तिथूनच परत पाठवण्याचा त्यांचा सल्ला मात्र पटला नाही. धबधब्यापासून थोड्याच अंतरावर जांभ्या दगडात कोरलेली, साधारण ६व्या शतकातील लेणी आहेत, त्यांचा लेखात जेमतेम एका ओळीत उल्लेख आहे. वाळवंटी नदीच्या काठावरील विठ्ठलापूर तर लेखात कुठेच नाही. राणे घराण्याशी निगडित असलेल्या तेथील विठ्ठल मंदिराजवळ त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री सजवलेल्या होड्या नदीत सोडतात, आणि काळ्या पाण्यावर हलणारे ते दिवे पाहायला पंचक्रोशीतील माणसे जमतात.

येणारा माणूस सकाळी बाजारात पातळ भाजी आणि पाव खाऊन (सोबत मिरची भजी हवीच) नदीकाठाने पायी फिरला, तर चार पैसे गावातल्या दुकानदारालाही मिळतील. त्यासाठी नवे काँक्रीट ओतायची गरज नाही. बसस्थानकापासून नदीच्या घाटापर्यंत मराठी-कोंकणी दिशाफलक आणि लेण्यांपाशी माहितीचा एक वाचता येण्याजोगा फलक नगरपालिका व पर्यटन खात्याने मिळून लावावा, एवढेच.

– एक वाचक, डिचोली