सही केली तरी हक्क जात नाही

संपादक महोदय,

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी सात वर्षांपासून तूर निवडते. सकाळी आठला आत, सुटायला संध्याकाळचे सात. हातात पडतात तीनशे रुपये. रजिस्टरवर मात्र दुसराच आकडा असतो आणि सही घेताना मुकादम तो तळहाताने झाकून धरतो. एकदा मी त्याचा हात बाजूला केला, तर म्हणाला, "मावशी, तुम्हाला काम पाहिजे का हिशोब?"

बी.ए.ला असलेल्या माझ्या लेकीने वेतन संहिता २०१९, म्हणजे मजुरीबाबतचा केंद्राचा कायदा, वाचून दाखवली. कायद्याने ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी मजुरीवर राजी असल्याचं लिहून दिलं तरी ते रद्दबातल. फरकासाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. १९४८च्या किमान वेतन कायद्यात मुदत सहाच महिने होती. फरकाच्या दहा पटीपर्यंत भरपाई मिळू शकते. पैसे दिले हे सिद्ध मालकानेच करायचं. जादा तासाला दुप्पट दर, हे तर आम्ही कुणी ऐकलंही नव्हतं.

तेव्हापासून मी कॅलेंडरवर रोजचे तास आणि मिळालेले पैसे लिहिते. पण बाकीच्या बायका गप्प आहेत, कारण निम्म्यांनी लेकरांच्या फीसाठी मुकादमाकडून उचल घेतलीय. मजुरीचे दर लिहिलेली सूचना कामाच्या ठिकाणी लावणं मालकावर बंधनकारक आहे. आमच्या फळ्यावर 'थुंकू नये' एवढंच लिहिलंय. कामगार अधिकाऱ्यांनी तो फळा एकदा, न कळवता येऊन, पाहावा.

एक डाळमिल कामगार, लातूर
(नाव छापू नये)