मामा, ओढायची नाही, ढकलायची

आदरणीय मिस्त्रीमामांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि तंबाखूची डबी काढता. तिथंच विषय संपतो. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहायला बसले. मधेच उठून जाता येणार नाही तुम्हाला.

नवरात्राच्या आधीचा आठवडा होता. उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यात अंबाबाईच्या तसबिरींच्या पट्ट्या ढिगानं पडलेल्या. बाबा जन्मभर लाकडी खाच्यात हातकरवत घालून पंचेचाळीस अंशांचा काप घ्यायचे. एका चौकटीला असे आठ काप. प्रत्येकात अर्धा अंश चुकला तरी शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट, आणि गिऱ्हाईक नेमकं त्याच कोपऱ्यावर बोट ठेवतं. बाबांच्या हाताला ते जमायचं, माझ्या नाही. म्हणून मी सेकंडहँड स्लायडिंग मायटर सॉ आणला, म्हणजे तिरपे काप घेणारी विजेची करवत, पात्याचं डोकं पुढंमागं सरकणारी, २५५ मिलिमीटर पात्याची. विकणाऱ्यानं त्याचं गार्ड, म्हणजे पातं झाकणारं कव्हर, तारेनं वर बांधून ठेवलं होतं. "काम फास्ट होतं," म्हणाला. मला ते खरंच वाटलं!

पाच इंच रुंद पट्टी होती. मी पातं मागच्या बाजूला खाली टेकवलं आणि सगळं डोकं स्वतःकडे ओढलं. हातानं ओढून कापायची सवय, दुसरं काय. ते लाकडावर चढलं आणि थेट माझ्या अंगावर आलं. पट्टी फुटली, एक तुकडा शटरवर आदळला. तो पोचा अजून आहे. मी स्विच सोडायचंही विसरून उभी. तुम्ही शेजारच्या गाळ्यातनं आलात आणि काही बोलायच्या आधी भिंतीवरची पिन उपसलीत. मग म्हणालात, "ताई, ओढायलाय कशाला? ढकला की."

ओरडला असतात तर मी मशीन दुसऱ्याच दिवशी विकलं असतं. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढं केलात आणि जमिनीवर बसून खडूनं चाक काढलंत. मोटारसायकलचं चाक खालच्या बाजूला मागे रेटतं, म्हणून गाडी पुढं जाते. या पात्याचे दातही खालच्या बाजूला फेन्सकडे, म्हणजे लाकूड टेकवायच्या मागच्या आधाराकडे, पळतात. डोकं ढकललं की ते लाकडाला फेन्सवर दाबून धरतात. ओढलं की पातं चाकासारखं लाकडावर चढतं आणि चालवणाऱ्याकडे धाव घेतं. म्हणून आधी डोकं मोकळंच पुढं ओढायचं, स्विच दाबायचा, पूर्ण वेग येऊ द्यायचा, खाली उतरवायचं, मग सावकाश मागे ढकलायचं. त्या रात्री मी हिशेब केला. मिनिटाला ४५०० फेरे धरले तरी दाताचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळतं. तुम्हाला सांगितल्यावर म्हणालात, "बरं झालं मला आधी म्हाईत नव्हतं."

पुढचे चार रविवार दुपारी तुम्ही आलात. ती तार कापलीत. गार्डमध्ये साचलेला चिकट भुसा खरवडून काढलात, ते आपोआप खाली येतंय का हे दहादा उचलून बघितलंत. मग लाल ऑइलपेंटनं टेबलावर पात्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांवर रेघा मारल्यात. या रेघांच्या आत हात नाही. तुकडा बारका असला तर क्लॅम्प लावायचा, नाहीतर लांब पट्टीतूनच कापून घ्यायचा. पट्टीला बाक असेल तर फुगीर बाजू फेन्सला, म्हणजे काप अर्ध्यात आल्यावर लाकूड पात्याला आवळत नाही. एरवी कुणी या गोष्टी समजावत बसत नाही. "करत करत येतंय" म्हणतात. तोवर बोटं राहायला नकोत का?

पातं बदलताना मी बोल्ट घामाघूम होऊन फिरवत होते आणि तो जास्तच घट्ट होत होता. तुम्ही हसू दाबलंत. उलटे आटे! घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटतो. जुनं पातं उजेडात धरून दाखवलंत, दात पुढं झुकलेले, टेबल सॉचं, म्हणजे टेबलातल्या जागच्या जागी फिरणाऱ्या करवतीचं. ते लाकूड खेचून घेतं. तुम्ही सांगितलंत म्हणून आणलेल्या ८० दातांच्या पात्याचे दात किंचित मागे कललेले आहेत, आणि सोनेरी मुलाम्याचा एक टवका उडत नाही.

माझ्या गळ्याचं तुम्हाला सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं, ते मला नंतर कळलं. तुम्ही आपली तुळशीची माळ शर्टाच्या आत सारलीत, वरचं बटण लावलंत आणि "आम्ही असं करतो बघा," म्हणून दुसरीकडे बघत उभे राहिलात. तेव्हापासून मंगळसूत्र आत, ओढणी खुंटीवर, बांगड्या गल्ल्यात. हौसेनं आणलेले हातमोजेही तुम्ही काढायला लावलेत. दात कातडं नुसतं कापतात, मोज्यात अडकले तर सगळा हातच आत ओढतात. गॉगल आणि मास्क मात्र राहू दिलात.

काप झाल्यावर स्विच सोडायचा, पण डोकं उचलायचं नाही. पातं थांबेपर्यंत खालीच. "तीनदा पांडुरंग म्हणा, आणि तरी डोळ्यांनी बघा थांबलंय का." परवा काप चालू असताना लाइट गेली. आधीची मी असते तर स्विच दाबूनच वाट बघत उभी राहिले असते, आणि लाइट आल्यावर मशीननं उडी मारली असती. परवा मी बोट काढलं, पिन उपसली आणि चहा ठेवला. तुमच्या गाळ्यातनं आवाज आला, "काढली का?" मी "होय" म्हटलं. एवढंच आपलं बोलणं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. दोन वेळा पाकीट पुढं केलं, दोन्ही वेळा ते खडूच्या डब्याखाली परत सापडलं. पण मामी म्हणाल्या की घरच्या विठोबाच्या तसबिरीची चौकट वाळवीनं पोखरलीय. माप त्यांच्याकडून मागवून घेतलंय, १४ बाय १८. सागाची पट्टी काढून ठेवलीय. तेवढं काचेच्या जाडीचं सांगा, खाच किती सूत खोल घ्यायची ते त्यावर ठरेल.

आपली,
शेजारच्या गाळ्यातली तसबीरवाली