अण्णांची पावसाची वही

पाषाण, पुणे

तीर्थरूप आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, हॉलमध्ये फार आवाज होता. परिषदेतलं पोस्टर चांगलं झालं. सविस्तर लिहिते, कारण त्यात तुम्ही दोघं आहात.

पोस्टर भिंतीला लावायचं, शेजारी उभं राहायचं आणि येईल त्याला समजावून सांगायचं. माझा विषय अण्णांना पाठ आहे. पश्चिमेचा वारा सह्याद्री चढताना थंड होतो, ढग तिथंच रिते होतात, आणि पलीकडं उतरतो तो कोरडा होऊनच. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि आपला माण तालुका पाचशेलाही महाग.

बराच वेळ लोक बघून पुढं जात होते. मग एक वयस्कर शास्त्रज्ञ बाई थांबल्या. म्हणाल्या, "जुलै-ऑगस्टमधला पावसाचा हा खंड कागदावर दिसतोय. रानात कसा दिसतो?" मी तयारी केली होती ती आकड्यांची. पण आठवली अण्णांची जुनी वही, घरी पर्जन्यमापक येण्याआधीची. 'आर्द्रा. चार बोटं ओल, बाजरी पेरली.' 'पुष्य. नुसती धूळ बसली.' 'हस्त. वीतभर ओल, शाळूचं काम झालं.' हस्ताच्या, म्हणजे हत्तीच्या पावसासाठी आई कशी आभाळाकडं बघत बसते, तेही सांगितलं.

आमच्या शास्त्रात दिवसभरात अडीच मिलिमीटर पाणी पडलं की तो पावसाचा दिवस. बाईंनी विचारलं, "तीन मिलिमीटरला वडील काय लिहितील?" म्हटलं, धूळ बसली. त्या क्षणभर गप्प झाल्या, मीही. आम्ही मोजलेले कितीतरी पावसाचे दिवस आपल्या बाजरीच्या मुळापर्यंत पोचलेच नसतील. घरात वही असून इतकी वर्षं मला हे सुचलं नाही, याचं रात्री फार वाईट वाटलं. त्या सगळ्या नोंदी त्यांना बघायच्या आहेत.

आज बस सिमला ऑफिसवरून गेली. अण्णा, तुम्ही नावाचं विचारलं होतंत ना? 1928 साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव.

आता एक काम. मापकावरच्या रेघा अण्णांना दिसत नाहीत, हे आईनं सांगितलंय. तेव्हा आई, सकाळी साडेआठला आकडा तू वाच. आणि अण्णा, तुम्ही पूर्वीसारखी बोटं घालून ओल बघा आणि आकड्याशेजारी लिहा. मला दोन्ही हवंय. मोतीबिंदूचं मात्र आता पुढं ढकलायचं नाही, मी सुट्टी काढून येते.

रविवारी पहाटेच्या एसटीनं निघतेय. जुन्या वह्यांची पेटी माळ्यावरून काढायला जाऊ नका, मी आल्यावर काढते.

तुमची,
सुमी