मुलांना कामाची भीती घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी फोंडा तालुक्यातला सुतार. धर्माने ख्रिस्ती, शिक्षण चौथीपर्यंत मराठी शाळेत, म्हणून अजून तुमचंच वर्तमानपत्र वाचतो. दारं-खिडक्या सांगायला आलेले आईबाप सोबतच्या मुलाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "अभ्यास केला नाहीस तर हेच करावं लागेल." यात हिंदू-ख्रिस्ती असा फरक नाही. पण ख्रिस्ती माणसाच्या तोंडून ऐकलं की मला जास्त लागतं. त्यांच्याच घरात संत जोसेफची, म्हणजे येशूला वाढवणाऱ्या सुताराची, तसबीर असते. आणि ज्याला आपण प्रभू म्हणतो त्या येशूबद्दल त्याच्या गावचे लोक 'हा तो सुतारच ना?' असं म्हणाले होते. उपदेश सुरू केला तेव्हा येशू सुमारे तीस वर्षांचा होता, असं बायबलमध्ये लूक सांगतो. त्याआधीची वर्षं त्याच धंद्यात गेली असं आपण मानतो. मग त्या धंद्याचा धाक मुलांना कसा घालता?

शाळाही मागे नाहीत. उशिरा आलेल्या मुलांना वर्ग झाडायची शिक्षा दिलेली मी पाहिली आहे. झाडू म्हणजे अपमान, हे तिथेच मनात बसतं. झाडायची पाळी लावा, त्यात शिक्षकांचीही नावं घाला. घरीसुद्धा मुलगी भांडी घासते आणि मुलगा फुटबॉलला जातो, हे थांबलं पाहिजे.

'ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये' हे बायबलमधल्या संत पौलाचं वचन मोठी माणसं मुलांना सहज ऐकवतात. लिहिणारा स्वतः तंबू करून पोट भरायचा, कुणावर भार नको म्हणून रात्रंदिवस राबायचा. सोफ्यावर बसून ते वचन सांगू नये. मला त्याचं कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना, केलेलं सांगणं जवळचं वाटतं: जे कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. सुट्टीत शेजारची मुलं हौसेने दुकानात येतात. यंत्राजवळ मी त्यांना फिरकू देत नाही, पॉलिशपेपर देतो. आदोळीची, म्हणजे विळीच्या पाटाची, बसायची बाजू ती छान घासतात, खालची तशीच सोडतात. मी न बोलता आदोळी उलटी करून परत त्यांच्या हातात देतो.

आणखी एक. सहा दिवस काम कर, असं सांगणाऱ्या बायबलमधल्या आज्ञेतच सातव्या दिवशी नोकराला आणि परक्या माणसालाही विसावा सांगितला आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं. आज आपल्याकडची कितीतरी अंगमेहनत परप्रांतातून आलेले कामगार करतात. त्यांना 'उद्या ये' म्हणणारा बाप मुलाला कष्टाची किंमत कशी शिकवणार? मजुरी मुलाच्या हातून, वेळेवर द्या. आधी त्या माणसाला बसायला खुर्ची द्या.

पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे हा कामगार संत जोसेफचा सण ठरवला. आपल्या गावांतल्या चर्चमध्ये त्या दिवशी दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, मुलांना गावातल्या सुताराकडे, पाव भाजणाऱ्या पदेराकडे, गवंड्याकडे न्यावं, अशी पाद्रींना माझी विनंती आहे. नुसतं बघायला नको, तासभर हाताखाली काम करायला. माझ्या दुकानात दहा मुलांची सोय होईल.

आपला,
एक सुतार, फोंडा