ऑर्गनच्या सुरात पियानोचे हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथ सरली की गोव्यात गावोगावी जत्रेच्या नाटकांच्या तालमींना रंग चढतो. संगीत नाटकाला पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन आता क्वचितच मिळतो. आपल्या दमट हवेत त्याच्या पितळी रीड काळवंडतात, भात्याचे कापड कुजते आणि दुरुस्त करणारा माणूस शोधून सापडत नाही. त्याची जागा ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डने घेतली, याचे दुःख करत बसण्यात अर्थ नाही. तक्रार आहे ती वाजवण्याबद्दल. कीबोर्डवर बसणारी मुले बहुधा पियानोच्या ग्रेड परीक्षा देऊन आलेली असतात. बोटे तयार, नोटेशन पक्के. बटण दाबून आवाज ऑर्गनचा निवडतात, पण हात पियानोच वाजवत राहतात.

पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो. ऑर्गनचा सूर पट्टी दाबून ठेवाल तोवर तेवढाच राहतो आणि बोट उचलताच तुटतो. बाकीचे सगळे यातूनच येते.

पहिले काम म्हणजे सस्टेन पेडल, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवणारी कळ, काढून ठेवणे. पियानोवर पेडलखालचे आधीचे सूर विरत असतात म्हणून गोंधळ झाकला जातो. ऑर्गनच्या आवाजात ते पुऱ्या ताकदीने उभे राहतात, आणि सा रे ग म एकमेकांवर चढून गायकाला आपला सूरच ऐकू येत नाही. आणखी एक भानगड: अनेक कीबोर्ड चालू होतानाच पेडलची दिशा ओळखतात. त्या वेळी पेडलवर पाय असला तर सगळे उलटे होते, पाय उचलला की सूर अडकतात. रंगमंचावर ‘कीबोर्ड बिघडला’ म्हणून धावपळ होते त्यातल्या काही वेळा दोष एवढाच असतो. कीबोर्ड बंद करावा, पाय बाजूला घ्यावा, पुन्हा चालू करावा.

दुसरे, टच रिस्पॉन्स, म्हणजे पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा होण्याची सोय, बंद करावा. ऑर्गनची पट्टी जोरात मारली म्हणून आवाज मोठा होत नसतो. काही कीबोर्डांवर मात्र ऑर्गनच्या आवाजालाही हा जोर लागू राहतो, आणि एक सूर ओरडतो, पुढचा पुटपुटतो. खांद्यातून वजन टाकण्याची पियानोची सवय इथे सोडायची. बोट आधी पट्टीला टेकवायचे आणि तिथूनच दाबायचे.

आता खरा अभ्यास. पेडलशिवाय सूर जोडायचे म्हणजे बोटांनीच जोडायचे. त्यासाठी पट्टी न सोडता बोट बदलण्याची युक्ती यायलाच हवी. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० वर ठेवा. अंगठा १ आणि करंगळी ५ असे बोटांचे क्रमांक धरून मधल्या बोटाने, म्हणजे ३ ने, सा दाबा. दुसऱ्या ठोक्याला त्याच पट्टीवर अंगठा सरकवून ३ सोडा; सूर पुन्हा वाजता कामा नये आणि तुटताही कामा नये. आता वरची चार बोटे मोकळी झाली. असेच ४ वरून ५, ५ वरून ४, २ वरून १. दोन्ही हातांनी हे जमले की मग सा आणि ग एकत्र धरून, म्हणजे दोन सुरांत एका वेळी एकच बोट बदलत. काळ्या पट्टीवरून शेजारच्या पांढरीवर तेच बोट घसरवणे हे त्यातल्या त्यात सोपे. पांढरीवरून पांढरीवर अंगठा घसरवायला वेळ लागतो. हा सराव रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा कृत्रिम घुमारा, पूर्ण बंद करून करावा, नाहीतर फटी ऐकू येत नाहीत.

सूर सोडणे हाही वाजवण्याचाच भाग. चार सुरांचा कॉर्ड धरला तर चारही बोटे एकदम उठली पाहिजेत, एक मागे राहिले तर ते शेपटीसारखे लोंबते. एकच सूर पुन्हा पुन्हा यायचा असेल तर मध्ये मोजून फट द्यावी: विलंबित लयीत पाऊण मात्रा सूर, पाव मात्रा रिकामी, लय वाढली की अर्धी-अर्धी. ऑर्गनवर जोर द्यायचा तो असाच. ज्या सुरावर वजन हवे त्याच्या आधी किंचित जागा सोडायची. आपल्या बोरी गावात जन्मलेल्या पं. तुळशीदास बोरकरांची पेटी ऐकताना मुलांनी सूर कुठे लागतो यापेक्षा कुठे सुटतो तिकडे कान द्यावा.

आवाजाचा लहान-मोठेपणा येतो पायातून. जुन्या अमेरिकी धाटणीच्या ऑर्गनला दोन पायटे असत, भाता हवा आत ओढून घेई, आणि गुडघ्याने बाजूला ढकलायची लिव्हर आवाज उघडत असे. कीबोर्डला हे काम एक्स्प्रेशन पेडल करते. स्वस्त कीबोर्डला फक्त सस्टेनचीच जागा असते. तिथे एक्स्प्रेशन पेडल खोचून उपयोग नाही. मग डावा हात मोकळा असेल तेव्हा व्हॉल्यूमच्या बटणावर ठेवावा. पेडल असले तरी तालावर दाबू नये. पदाच्या ओळीबरोबर सावकाश उघडावे, गायकाने श्वास घेतला की जरा मागे यावे.

आवाजाच्या निवडीत सर्वाधिक गफलत होते. जनरल मिडीच्या, म्हणजे कीबोर्डांवरील आवाजांच्या ठरलेल्या, यादीत १७ ते २० क्रमांकांवर ड्रॉबार, पर्कसिव्ह, रॉक आणि चर्च ऑर्गन येतात. नाट्यसंगीताला जवळचा आहे तो २१ वा, रीड ऑर्गन. तो सोडून मुले १९ किंवा २० वर जातात, कारण ते आवाज भरदार वाटतात. भरदारपणाचे कारण समजून घ्यायला हवे. हॅमंड ऑर्गन १९३५ मध्ये आला तेव्हापासून ड्रॉबारची, म्हणजे आवाजाचे घटक कमी-जास्त करणाऱ्या ओढायच्या दांड्यांची, मांडणी ठरलेली आहे: १६, ५⅓, ८, ४, २⅔, २, १⅗, १⅓ आणि १ फूट, प्रत्येक दांडी ० ते ८ पर्यंत बाहेर ओढायची. ८ फुटी म्हणजे दाबलेला सूर, १६ खालचा सप्तक, ४, २ आणि १ वरचे सप्तक. पण ५⅓, २⅔ आणि १⅓ या दांड्या पंचम देतात, आणि १⅗ शुद्ध गंधार! तुम्ही नुसता सा दाबलात तरी त्यात पंचम वाजतो. मालकंसातल्या पदाला, जिथे पंचम वर्ज्य आहे, हे चालेल का? भीमपलासात गायक कोमल गंधार लावतो आणि साथीच्या षड्जातून शुद्ध गंधार डोकावतो. गायकाला काहीतरी खटकते, काय ते कळत नाही. म्हणून ड्रॉबार वापरायचेच असतील तर ८ फुटी पूर्ण, ४ फुटी ४ वर, १६ फुटी २ किंवा ३ वर, २ फुटी १ वर. बाकी सगळे आत. पर्कशन, म्हणजे सुराच्या सुरुवातीचा ठोका, बंद. फिरत्या स्पीकरचा लेस्ली परिणाम असेल तर मंद, आणि तोही नसला तरी बिघडत नाही. १६ फुटी जास्त ओढली की मंडपातल्या मोठ्या स्पीकरमधून नुसता घूं-घूं येतो आणि तबल्याचा डग्गा त्यात बुडतो.

मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, पिच बेंडचे चाक फिरवण्याची हौस अलीकडे वाढली आहे. चाक त्या आवाजाचे दाबलेले सगळे सूर एकदम वाकवते, डाव्या हाताने धरलेला सा-पसुद्धा. ऑर्गनला मींड नाही. कणस्वर घ्या आणि पुढे चला.

सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारे ट्रान्सपोजचे बटण सोयीचे खरे, पण काळी एकमध्ये गाणाऱ्यासाठी (म्हणजे ज्याचा सा पहिल्या काळ्या पट्टीवर आहे त्याच्यासाठी) +१ करून पांढरी एकच्या बोटांनी वाजवणारा मुलगा पुढच्या प्रवेशात काळी चारचा गायक आल्यावर घोटाळतो. निदान काळी एक, पांढरी दोन आणि काळी चार या तीन ठिकाणांहून बोटे बसवावीत. सोबत पेटी असेल तर कीबोर्डचे ट्यूनिंग पेटीला जुळवायचे. जुनी पेटी ४४० हर्ट्झला असेलच असे नाही, आणि पेटी रंगमंचावर बदलता येत नाही.

चर्चमध्ये साथ करणाऱ्यांनाही यातले बहुतेक लागू आहे. चार आवाजांच्या स्तोत्रात लागोपाठच्या कॉर्डमध्ये सारखे असलेले मधले सूर धरून ठेवावेत, वरचा गाता सूर मात्र पुन्हा वाजवावा. ओळ संपली की चारही सोडून मंडळींना श्वास घेऊ द्यावा. दगडी, उंच छताच्या वास्तूत कीबोर्डचा रिव्हर्ब शून्यावर.

नाट्यस्पर्धा आणि उत्सवांच्या आयोजकांना एक विनंती. ध्वनिव्यवस्थेच्या यादीत कीबोर्डसाठी एक्स्प्रेशन पेडल, मिक्सरपर्यंत पोहोचणारी मोनो केबल आणि गायकाशेजारी एक मॉनिटर, म्हणजे साथ ऐकू येण्यासाठीचा स्पीकर, लिहावा. स्टिरिओ कीबोर्डची मोनो केबल डावीकडच्या, ‘मोनो’ लिहिलेल्या जागेतच खोचावी; उजवीकडे खोचली तर अर्धाच आवाज पोहोचू शकतो. पडदा उघडण्यापूर्वी साथीदारांना गायकासह पंधरा मिनिटे द्यावीत, आणि त्यातले पहिले पद मध्य लयीतले नको, विलंबित असावे. सूर तुटतात की नाही ते तिथेच कळते.

आपला,
एक वाचक, फोंडा