ताई, मेंढी आणायची तर दोन

उधना, सुरत
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

प्रिय ताई,

तुझा हट्ट फोनवरून पोचला. तू बोलत होतीस आणि मागून आजी म्हणत होती, "इले मेंढी पाहिजे, आते काय करानं?" फोनवर हो म्हणून मोकळं व्हावं अशी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसलोय. रात्रपाळी करून आलो की कानात दोन तास माग खडखडत राहतो, झोप तशीही लागत नाही.

दिवाळीत आबांच्या बाजरीच्या वावरात ठेलाऱ्यांचा, म्हणजे फिरत्या मेंढपाळांचा, वाडा बसला होता, तेव्हाच मला हे दिसलं होतं. त्यांच्या बाईनं चार दिवसांचं कोकरू तुझ्या हातात दिलं आणि तू जेवायलाही घरी आली नाहीस. ठेलारी आता पुढे गेले असतील, पण आबांचा त्यांच्याशी जुना घरोबा आहे. रात्री वावरात मेंढ्या बसवायच्या, लेंडीचं खत आपल्याला, बदल्यात दाणे त्यांना, असं आबांच्या बापापासून चालत आलंय. निरोप धाडला तर ते फसवणार नाहीत. म्हणून मेंढी त्यांच्याकडूनच घेऊ. तू सारंगखेड्याच्या यात्रेचं म्हणालीस. तिथे पाच दिवसांनी दत्तजयंतीला घोडे बघायला आबांसोबत खुशाल जा, पण जनावर यात्रेतून आणायचं नाही. दहा गावचं जनावर एकत्र येतं तिथून रोगही घरी येतो.

तर उत्तर 'हो' आहे. पण एक नाही, दोन आणायच्या. हे ऐकून आजी कपाळाला हात लावेल. तिला पुढचं वाचून दाखव.

मी नऊ वर्षांचा असताना आबांनी मला एक कोकरू आणून दिलं होतं. काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा. तिचं नाव काळी. पहिले तीन दिवस ती रात्रभर ओरडली. घरात सगळे म्हणाले, आईची आठवण येतेय, होईल गप. गप झाली, पण कशी? माझ्या मागे लागली. मेंढीला कळप लागतो, आणि तिला मीच कळप वाटायला लागलो. मी शाळेत गेलो की दोर ताणून उभी, चाऱ्याला तोंड लावायची नाही. मला त्याचा केवढा अभिमान! गावभर सांगत फिरायचो, माझी काळी माझ्याशिवाय खात नाही. ती बिचारी घाबरून उपाशी राहायची, आणि मी त्याला प्रेम म्हणत होतो.

मग दादरचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, खळं लागलं. मी खळ्यात गेलो, काळी मागे आली. मी पोरांत रमलो आणि ती राशीला लागली. दिवसभराची भुकेली, मिळेल तितके दाणे खाल्ले. संध्याकाळी पोट फुगलं, दात खायला लागली, रात्री आडवी पडली. आजीनं तेल पाजलं, आबांनी पोट चोळलं. पहाटे गेली. आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ते का झालं हे मला फार उशिरा कळलं. मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा रांजणासारखा, त्यात चारा भिजतो आणि बारीक जिवाणू तो फोडतात. मग ती निवांत बसून घास परत तोंडात आणते आणि रवंथ करते. हे जिवाणू चाऱ्याला सरावलेले असतात. त्यांच्यावर एकदम ज्वारी, गहू, मका पडला की पोटात आम्ल वाढत जातं, कप्पा काम करायचा थांबतो आणि जनावर हातचं जातं. म्हणून कोणताही नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवायचा. तुझ्या वहीत एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलंस तरी माझं अर्धं पत्र वसूल झालं. शेजारच्या लग्नातला उरलेला भात, शिळ्या पोळ्या, पुऱ्या कौतुकानं आणून घालणारी माणसं येतील. हात जोडून नाही म्हणायचं. आजीलासुद्धा.

आता काय घालायचं ते. आपण घेऊ त्या तीन-चार महिन्यांच्या, दूध तुटलेल्या, दहा-बारा किलोच्या असतील. अशा एकीला रोज साधारण किलो-सव्वा किलो हिरवं आणि पाव किलोच्या आसपास वाळलेलं लागतं. मोठी होऊन तीस किलोची झाली की हिरवं तीन किलोपर्यंत आणि वाळलेलं अर्धा-पाऊण किलो. आबांच्या तराजूवर एकदा मोजून बघ म्हणजे डोळ्यांना सवय होईल. किलोभर पाला किती मोठा भारा दिसतो याचा तुला अंदाज नाही.

वाळलेल्याची आपल्याकडे चणचण नाही. भुईमुगाचा पाला आहे, महिन्या-दोन महिन्यांत तुरीचा आणि हरभऱ्याचा भुसा येईल, दादरचा कडबा येईल. भुईमुगाचा पाला मेंढी आवडीनं खाते, पण हातात घेऊन हुंग. बुरशीचा वास आला तर तो भाग उकिरड्यावर. कडबा कुट्टी करूनच, नाहीतर वरचा पाला ओरबाडून धांडे तुडवून ठेवतील. हिरव्यात सुबाभूळ, शेवरी, बोर, बांधावरचं गवत. बाभळीच्या शेंगा तर त्यांची जिलेबी. ठेलारी लांब आकडीनं फांदी हलवतात आणि अख्खा कळप धावत येतो ते तू पाहिलंस. पण दव असताना चारायला सोडायचं नाही. गवताच्या ओल्या पातीवर जंतांची पिल्लं चढून बसलेली असतात. ऊन तापल्यावर सोड. खुराक, म्हणजे भरडा आणि थोडी ढेप मिळून, एकीला दिवसाला एक मूठ. तुझी मूठ, आबांची नाही.

म्हशीच्या पोत्यातली खनिज पावडर मात्र मेंढीच्या घमेल्यात पडता कामा नये. त्यात तांबं असतं. म्हशीला ते लागतं, मेंढीला सोसत नाही. तिच्या काळजात, म्हणजे यकृतात, ते महिनोन्महिने साठत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस डोळे पिवळे होतात, लघवी लाल होते, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. मेंढीसाठी वेगळी चाटण वीट मिळते, ती मी घेऊन येतो. कोंबड्यांचं खाद्यही तसंच लांब ठेव.

आपल्या गावात दुसरी भीती कपाशीची. वेचणी संपली की सगळे वावरात जनावरं सोडतात. फवारणी कधी झाली, कशाची झाली हे विचारल्याशिवाय कुणाच्याही वावरात पाऊल घालायचं नाही. कोवळ्या ज्वारीचे फुटवे, विशेषतः पाण्याचा ताण पडून सुकलेले, तेही विषारी. आणि अंगणातली कण्हेर! आजीची लाडकी आहे, देवाला फुलं तिचीच जातात, मला माहीत आहे. पण कण्हेरीची थोडी पानंही मेंढीला पुरतात. आबांना सांग, भोवती काट्यांचं कुंपण घाला किंवा मेंढ्यांची जागा मागच्या दाराला करा. कण्हेर तोडायचं नाव काढू नकोस, नाहीतर मेंढीही येणार नाही आणि मीही घरी येऊ शकणार नाही.

राहायला गोठ्याचा पूर्वेकडचा कोपरा. दोघींना मिळून वीस-पंचवीस चौरस फूट खूप झालं. खाली मुरूम टाकून चोपून घे, उतार बाहेरच्या बाजूला. मेंढीला थंडी सोसते, ओल सोसत नाही. ओलीनं खूर सडतात. भिंत पूर्ण बंद करू नका, वरून वारा खेळला पाहिजे. पण खालून एकही फट नको. लांडगा आता क्वचित, गावातली मोकाट कुत्री मात्र रोजची. ठेलारी मेंढ्यांभोवती वाघर लावतात तसं जाळं मी इथून बघतो. पाण्याचं भांडं उंच आणि जड हवं, नाहीतर लेंड्या पडतील. लेंड्या पडलेलं पाणी मेंढी पीत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसला जातो तेव्हा दिवसातून तीनदा पाणी बदलावं लागेल. तेव्हा तुझी परीक्षाही असेल.

औषध-लशीचं आबा बघतील, तू फक्त तारखा वहीत लिही. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची, वेगळी. जंताचं औषध वजन करून, अंदाजानं नाही. खालची पापणी ओढून बघायला शीक: आतून गुलाबी असेल तर ठीक, पांढुरकी पडली तर पोटात जंत रक्त पिताहेत. काही वेगळं दिसलं तर 1962 ला फोन लावायचा, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे. आणि एक, वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत म्हणून घाबरून मला रात्री फोन करू नकोस. कुठल्याच मेंढीला नसतात.

दोन्ही माद्या घेऊ. मेंढा नको. लहानपणी हातावर वाढलेला मेंढा माणसाला भीत नाही आणि मोठा झाला की तुझ्याच गुडघ्यावर टक्कर देतो. दुसरं कारण तुलाही कळतं. आपल्या घरात मटण शिजतं, आणि नराला सणासुदीला दारात गिऱ्हाईक येतं. ह्या दोघींचं तसं होणार नाही, हे मी इथे लिहून देतोय. आबांना विचारूनच लिहितोय. पण मग तूही हिशोब कर. मेंढी दहा-बारा वर्षं जगते. तू आज अकरा वर्षांची आहेस. त्या म्हाताऱ्या होतील तेव्हा तू कॉलेज संपवून कुठेतरी असशील, कदाचित माझ्यासारखी गावाबाहेर. त्या मात्र तुला ओळखतील. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2001 साली दाखवलं की मेंढी पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांनीसुद्धा विसरत नाही, आणि माणसांचे चेहरेही ओळखते. मेंढरासारखं डोकं म्हणून आपले मास्तर मारायचे, त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता अट. मी संक्रांतीला येईन, सव्वा महिना आहे. उद्यापासून रोज सकाळी सहाला उठून एक भारा पाला तू तोडून आणायचा आणि म्हशीला घालायचा. गोठ्याचा तो कोपरा रोज झाडायचा. शाळा सुटल्यावर पुन्हा पाणी. ज्या दिवशी केलंस त्या दिवशी कॅलेंडरवर खूण. ताप आला, पाहुणे आले, थंडी पडली, सगळं धरून. खाडे लपवू नकोस. चार-पाच खाडे झाले तर मी काही म्हणणार नाही, मलाही मिलमध्ये होतात. पण वीस झाले तर आपण आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, बोलणार नाही आणि पुढच्या दिवाळीला बघू. आखाजीला तसंही नको, तेव्हा हिरवं काडीभर नसतं आणि बुराई नदीला पाणी नसतं.

दादाला हे काम वाटून देऊ नकोस, तो चॉकलेटवर तयार होईल.

भुसावळ गाडीनं येतोय, दोंडाईच्याला उतरेन. आबांना म्हणावं ठेलाऱ्यांचा ठावठिकाणा काढून ठेवा, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आपण तिघं जाऊ. दोर विकत घेऊ नका, नायलॉनचा गळ्याला काचतो. मी इथून सुती आणतोय, दोन. नावं तू ठेव. काळी सोडून कुठलंही चालेल.

तुझा
पप्पा